हात हलत नसला तरी सराव थांबवू नका : ठाणे-नवी मुंबईतल्या फिजिओथेरपिस्टना खुले पत्र

ठाण्यापासून बेलापूरपर्यंत घरोघरी जाऊन अर्धांगवायूच्या पेशंटना व्यायाम देणाऱ्या सर्व फिजिओथेरपिस्टना,

सप्रेम नमस्कार.

मी चरईत राहते. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. आमचे हे वागळे इस्टेटमध्ये ३६ वर्षं टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातायचे. दोन वर्षांपूर्वी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, यांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. वाकून उचलायला गेले ते तिथेच बसले. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. वय ६४.

तेव्हापासून तुमच्यापैकी चौघं जण आमच्याकडे येऊन गेले. चौघांचेही उपकार आहेत. भर पावसात, दुपारच्या उन्हात दोन जिने चढून तुम्ही येता, घोटभर पाणी पिऊन लगेच कामाला लागता, आणि पुढचा पेशंट घोडबंदरला ताटकळत असतो, हे मी पाहिलं आहे. त्यामुळे कुणाची उणीदुणी काढायला मी बसलेले नाही. एकच मागणं आहे आणि ते अगदी मनापासून आहे. तुमच्या पाऊण तासातली शेवटची दहा मिनिटं पेशंटच्या मनातल्या सरावासाठी, म्हणजे हात न हलवता हालचाल मनातल्या मनात करण्यासाठी ठेवा, आणि तो सराव घरच्या माणसाला शिकवून मगच निघा.

रुग्णालयातून घरी सोडलं तेव्हा एक कागद मिळाला. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, बाकीचे उपचार तिथे चांगले झाले. त्या कागदावर नऊ औषधं वेळेसकट नीट लिहिली होती. सगळ्यात खाली दोन शब्द होते, ‘कंटिन्यू फिजिओ’. कसला, किती, कधीपर्यंत, घरच्यांनी काय करायचं, काही नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी जेवणानंतर द्यायची एवढं मला कळलं. हात परत कसा आणायचा ते त्या दोन शब्दांतून कसं कळणार?

पहिले चार महिने हात तुम्हीच हलवलात. खांदा वर, खांदा बाजूला, कोपर वाकवा, कोपर सरळ, मनगट, बोटं. प्रत्येकी दहा वेळा. सांधे आखडू नयेत म्हणून हे लागतंच, ते आता मला समजतं. पण तेवढा वेळ हे काय करायचे? टीव्ही बघत पडून राहायचे. हात तुमच्या हातात आणि डोळे क्रिकेटवर. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे तेव्हा वाटायचं, एखादं गाठोडं कुणीतरी इकडून तिकडे करतंय. हळूहळू यांनी त्या हाताचा नादच सोडला. जेवण डाव्या हाताने, बटणं डाव्या हाताने, उजवा हात कुशीला उशीसारखा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी या अवस्थेचा अभ्यास केला आहे. हातात थोडीफार ताकद परत आलेली असते, पण तोवर माणूस तो हात न वापरायला शिकून बसलेला असतो. तुम्ही हे परीक्षेसाठी वाचलं असेल. मी ते रोज दोन वेळा जेवणाच्या ताटावर बघत होते.

मग तुमच्यातली तिसरी आली, कळव्याची एक मुलगी. हाताला हात लावण्याआधी तिने विचारलं, “काका, तुम्ही काय काम करायचात?” हे ओढत ओढत म्हणाले, “लेथ.” तिला लेथ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिने मोबाइलवर लेथचा व्हिडिओ शोधला, यांच्यासमोर धरला आणि म्हणाली, “मला समजावून सांगा ना.” चार महिन्यांत यांना आपणहून सरसावून बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. तुटक शब्दांत आणि डाव्या हाताच्या खुणांनी यांनी तिला चक दाखवला, त्यात जॉब म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा कसा पकडायचा ते सांगितलं, कातणारं टूल जॉबला हळूच कसं लावायचं ते सांगितलं.

नेहमीचा व्यायाम झाल्यावर तिने यांना खुर्चीत बसवलं. टेबलावर टॉवेलची घडी घालून त्यावर उजवा हात ठेवला. टीव्ही बंद, डोळे बंद. दोन-तीन मिनिटं नुसता श्वास. मग म्हणाली, “काका, हात अजिबात हलवायचा नाही. तुम्ही लेथपुढे उभे आहात. उजवा हात हँडव्हीलवर ठेवा. लोखंड गार लागतंय?” यांनी मान हलवली. “आता मूठ आवळा. हळूहळू फिरवा. टूल लागलं की आवाज बदलतो म्हणालात ना? तो ऐकू येईपर्यंत फिरवा.”

यांचा चेहरा मी ३८ वर्षं बघते आहे. त्या क्षणी तो कामावरचा चेहरा होता. भुवया जवळ आलेल्या, खालचा ओठ दातांत धरलेला. हात टेबलावर निपचित आणि कपाळावर घाम. पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, “दमलो.”

पुढच्या दोन आठवड्यांत तिने मला ही पद्धत शिकवली. व्यायामात जी हालचाल केली तीच मनात करायची, दुसरी नाही. फुलपात्र धरण्याचा सराव झाला असेल तर फुलपात्रच. आधी चांगल्या हाताने एकदा सावकाश करून बघायची, म्हणजे अंगाला ती आठवते. मग लुळ्या हाताने मनातल्या मनात दहा वेळा. मग लगेच खऱ्या हाताने प्रयत्न, कोपराखाली माझा आधार. पुन्हा मनात, पुन्हा हाताने. दिवसातून दोनदा, पण एका वेळी पंधरा मिनिटांच्या वर जायचं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणूस डोळे मिटून स्वस्थ बसलाय, पण त्यात तो पार थकून जातो.

माझी सुरुवातीला एक चूक होत होती. मी म्हणायचे, “फुलपात्र उचला, तोंडाला लावा, खाली ठेवा,” आणि दोन सेकंदांत हे म्हणायचे, “झालं.” मला वाटायचं, जमलं. त्या मुलीने मोबाइलमधलं घड्याळ लावलं. डाव्या हाताने फुलपात्र खरोखर उचलून, एक घोट पिऊन खाली ठेवायला यांना सात सेकंद लागले. मग मनातलं दोन सेकंदांत खाली कसं आलं? तर यांनी ते उचललंच नव्हतं, नुसता ‘फुलपात्र’ हा शब्द मनात म्हटला होता. खरोखर मनात केलेली हालचाल साधारण प्रत्यक्ष हालचालीइतकाच वेळ घेते, हे फ्रान्समधल्या मार्क झानरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं आहे. अर्धांगाच्या पेशंटला लुळ्या हातासाठी मनातही बरेचदा जास्त वेळ लागतो. तेव्हापासून मी हुकूम सोडत नाही, प्रश्न विचारते. काठ कुठे लागतोय? अंगठा कोणत्या बाजूला आहे? पाणी किती आहे, हिंदकळतंय का? उत्तरं देता देता सात-आठ सेकंद आपसूक होतात. तुमच्या सगळ्यांच्या खिशात घड्याळ आहे, त्याचा हा उपयोग जरूर करा.

विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे नुसतं डोळ्यांना दिसलं म्हणून माझं समाधान होईना. मी वाचायला लागले. एखादी हालचाल मनात करताना मेंदूतले जे भाग जागे होतात त्यातले बरेचसे प्रत्यक्ष हालचालीच्या वेळचेच असतात. हालचालीची आखणी करणारे पुढचे भाग, अंग कुठे कसं आहे याचं भान ठेवणारे वरचे-मागचे भाग, सगळे कामाला लागतात. फक्त स्नायूंकडे जाणारा शेवटचा हुकूम रोखून धरलेला असतो. अल्वारो पास्क्वाल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९५ सालचा पियानोचा प्रयोग तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. धडधाकट माणसांना पाच बोटांचा एक धडा दिला, रोज दोन तास, पाच दिवस. काहींनी तो वाजवला, काहींनी पियानोपुढे बसून नुसता मनात वाजवला. बोटांचा मेंदूतला नकाशा, म्हणजे बोटं हलवणारा मेंदूचा भाग, दोन्ही गटांत सारखाच पसरला. वाजवण्यात मात्र प्रत्यक्ष वाजवणारेच पुढे राहिले. मनात वाजवणाऱ्यांना नंतर एकदाच दोन तास खराखुरा सराव दिला, आणि ते पाच दिवस वाजवणाऱ्यांच्या बरोबरीला आले. या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग लोक सांगायचा विसरतात. मनाने जमीन तयार झाली होती, पण पीक आलं ते बोटं पट्ट्यांवर पडल्यावरच.

आणखी एक आकडा वाचला आणि मी त्या रात्री बराच वेळ झोपले नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या पुनर्वसनाच्या ३१२ सेशनची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली, कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांची. त्यातल्या ज्या सेशनमध्ये हातावर काम झालं, त्यांपैकी जेमतेम अर्ध्यांत हाताच्या कामाच्या हालचाली घेतल्या गेल्या होत्या, आणि जिथे घेतल्या तिथेही सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकड्यांनी आवर्तनं करवून घेतात. सगळ्या सोयी असलेल्या देशांत ही गत, तर दोन जिने चढून येणाऱ्या आणि पाऊण तासाने निघणाऱ्या तुमच्याकडून आम्ही किती मागायचं? पेशंटचा हात पंधराव्या वेळेला थरथरायला लागतो. तुमची वेळ संपते. आमचे पैसेही संपतात. आम्ही महिन्याला पंचवीस व्हिजिट घेत होतो तेव्हा सहाशेच्या हिशेबाने पंधरा हजार जायचे, आणि यांची पीएफची पेन्शन औषधांनाही पुरत नाही. आता आठवड्यातून दोनदाच बोलावतो. उरलेले पाच दिवस तो हात काय करतो, हा खरा प्रश्न आहे. मनातली आवर्तनं तिथे कामी येतात. हात थकला तरी ती होतात, आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

मात्र नुसत्या मनावर विसंबणारेही भेटतात, आणि त्यांचा आम्हाला जबर फटका बसला आहे. सहाव्या महिन्यात ओळखीच्या एकांनी यांना एका शिबिराला नेलं. ‘मी पूर्ण बरा झालो आहे’ असं रोज घोकायचं, व्यायामाने शरीराला उलट आजाराची आठवण राहते, असं तिथे सांगितलं. यांना ते फार आवडलं, कारण व्यायामात दुखत होतं. मीही गप्प बसले. तीन आठवडे हात हलवला नाही. खांदा लाकडासारखा झाला, रात्री कूस बदलताना हे ओरडायचे, बोटांवर सूज आली. त्या तीन आठवड्यांचं नुकसान भरून यायला दोन महिने लागले. तेव्हा गप्प बसल्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझ्या मागण्यात ‘जोडीने’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि अभ्यासही तेच सांगतात. ब्रिटनमध्ये १२१ पेशंटवर झालेली एक चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून तीनदा, चार आठवडे मनातल्या हालचालींचा सराव करून घेतला, पण तो हाताच्या प्रत्यक्ष सरावाशी जोडलेला नव्हता. काही फायदा दिसला नाही. त्याच्या आधी, २००७ साली, स्टीफन पेज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३२ पेशंट घेतले होते. झटका येऊन सरासरी तीन वर्षांहून जास्त काळ उलटून गेलेले, म्हणजे ‘आता काय व्हायचं ते झालं’ असं ज्यांना सांगतात ते. सगळ्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास व्यायाम, सहा आठवडे. व्यायाम संपला की लगेच निम्म्या लोकांना त्याच हालचाली मनात करवून घेणारी टेप, निम्म्यांना नुसती शरीर सैल सोडायला सांगणारी टेप. पहिल्या गटाच्या हातात स्पष्ट जास्त सुधारणा झाली. पुढे २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने २५ अभ्यास आणि ६७६ पेशंट एकत्र पाहिले. नेहमीच्या उपचारांना मनातल्या सरावाची जोड दिली तर हाताचा वापर सुधारतो, असंच त्यातून निघालं. चालण्याबाबतचा पुरावा इतका भक्कम नाही. पायासाठी मी तुमच्याकडे एवढं ठासून मागत नाही.

यांना सुरुवातीला समोरून दिसायचं, म्हणजे लांब कुठेतरी ते स्वतः लेथवर उभे आहेत आणि हे त्यांच्याकडे बघताहेत. त्याचा तितका उपयोग नाही. हालचाल आतून जाणवायला हवी. हा फरक मला यांना समजावता येईना. शेवटी सासूबाईंची मानसपूजा आठवली. गुडघे गेल्यावर त्या देवघरात बसू शकत नव्हत्या, तर पलंगावर डोळे मिटून पूजा करायच्या. आम्ही मध्येच हाक मारली तर चिडायच्या, “अगं, आत्ता कुठे गंध उगाळते आहे!” पूजा करणारी बाई त्यांना समोर दिसत नसे. सहाणेचा खरखरीतपणा त्यांच्या बोटांना लागत असे, आणि एकही उपचार त्या गाळत नसत. मी यांना म्हटलं, “आईंसारखं करा.” त्यानंतर पुन्हा सांगावं लागलं नाही. तुमच्या पेशंटना परदेशी शब्दांत समजावू नका, ‘मानसपूजेसारखं, पण हाताने’ एवढं म्हणून बघा. ज्यांच्या घरी पूजा नाही त्यांना तबल्याचे बोल मनात घोकणाऱ्या मुलाचं उदाहरण द्या.

आपापल्या कामाचंही तसंच. दिवाळे गावातल्या कोळणीला मनात मासळी साफ करू द्या. तीस वर्षं लोकलचा दांडा धरून ठाण्याहून सीएसटीला गेलेल्या कारकुनाला तो दांडा धरू द्या. घणसोलीच्या आजीच्या हातात तांदळाची भाकरी थापायला मनातलं पीठ द्या. छापील कागदावरचा ‘चेंडू पकडा’ त्यांच्या मनात उभाच राहत नाही, कारण आयुष्यात त्यांनी तो कधी पकडलेला नसतो.

हे सगळ्यांना झेपतं असं नाही, तुम्ही ते माझ्याहून चांगलं जाणता. शरीराची एक बाजूच ज्यांच्या ध्यानात राहत नाही, सांगितलेलं ज्यांना समजत नाही, आठवण टिकत नाही, किंवा मेंदूच्या काही भागांना इजा झाल्याने हालचालीचं चित्रच बनत नाही, त्यांना आधी तपासायला हवं. त्यासाठी केव्हीआयक्यू नावाची प्रश्नावली आहे. चित्र उमटत नसेल तर आरशाची मदत होते, त्यात चांगल्या हाताचं प्रतिबिंब लुळ्या हाताच्या जागी दिसतं. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी कापलेल्या हाताच्या वेदनांसाठी वापरलेला आरसा १९९९ पासून पक्षाघातासाठीही वापरून पाहिला जातो आहे. आम्ही जुन्या कपाटाचा आरसा काढून टेबलावर उभा केला. कंटाळवाण्या दिवशी यांना त्याने हुरूप येतो.

आणि कृपा करून हे चमत्कार म्हणून विकू नका. आमच्याकडे चमत्कार झालेला नाही. आज हे उजव्या हाताने अर्धं भरलेलं फुलपात्र उचलून तोंडाला लावतात, कोपराला माझा हात लागत नाही. मूठ आवळते लवकर, उघडते फार सावकाश. शर्टाची बटणं अजून मीच लावते. काठी घेऊन, कठडा धरून आठवड्यातून एकदा दोन जिने उतरतात आणि आम्ही तलावपाळीला जाऊन बाकावर बसतो. यातलं किती मनातल्या सरावाने, किती तुमच्या हातांनी आणि किती नुसत्या काळाने झालं, ते मला वेगळं काढता येत नाही. एका माणसावरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे मीच मुलांना शिकवत आले. पण हात हलवताना टीव्ही बघणारा माणूस आता व्यायामाच्या वेळी स्वतः रिमोट उचलून टीव्ही बंद करतो. हे मला घरात दिसतं आहे आणि ते मी छातीठोकपणे सांगू शकते.

दहा मिनिटं कुठून आणायची, असं म्हणाल. सुरुवातीचे पाच-सहा दिवसच ती तुमची जातील. नंतर घरातलं कुणीही, शाळेत जाणारी नातसुद्धा, हे करवून घेऊ शकते. तुम्ही फक्त आज कोणती हालचाल, किती वेळा आणि किती सेकंद, हे वहीत मराठीत लिहून जा, आणि पुढच्या वेळी ती वही उघडून बघा. तुमच्यापैकी जे रुग्णालयात काम करतात त्यांनी घरी सोडतानाच्या कागदावर ‘कंटिन्यू फिजिओ’च्या जागी चार ओळी लिहून घ्यायचा आग्रह धरावा. तुम्ही धरलात तर डॉक्टर ऐकतील, आमचं ऐकायला त्यांना वेळ नसतो. आणि रेकॉर्डिंग करा. पेशंटच्या घरातल्या वस्तूंची नावं घेऊन, तुमच्या आवाजात, मोबाइलवर. कळव्याची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, पण तिचं हँडव्हीलचं रेकॉर्डिंग हे अजून लावतात.

त्यावरून शिकून मी माझ्या आवाजात पाच केली आहेत. फुलपात्र, चमचा, दाराची कडी, कंगवा आणि जिन्याचा कठडा. सध्या सहावं चालू आहे, सहीचं. बँकेत अंगठा द्यावा लागला तो दिवस हे विसरलेले नाहीत. यांची सही लांबलचक आहे, पहिलं अक्षर मोठं, मग आडनावाची वेलांटी, आणि शेवटी खाली डावीकडून उजवीकडे एक रेघ. रोज सकाळी साडेदहाला डोळे मिटून आम्ही ती काढायला बसतो, मग पेन्सिलीला जाड कापड गुंडाळून पाटीवर. वेलांटीपर्यंत पोचलो आहोत. रेघ राहिली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
चरई, ठाणे